गैरहजरांची हजेरी

कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांच्या सभांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. चहा झालेला असतो, बिल्डरने दिलेल्या आराखड्याची घडी पुन्हा पुन्हा उघडून तिचे कोपरे फाटलेले असतात, पार्किंगवरचं भांडण एकदाचं मिटलेलं असतं, आणि मग सेक्रेटरी यादीवर बोट ठेवून विचारतात, "तीन नंबरची सही कोण करणार?"

तीन नंबरचे काका जाऊन चार वर्षं झाली, काकू गेल्या वर्षी गेल्या. शेअर सर्टिफिकेटवर आता दोन मुलांची नावं आहेत. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नला. दोघंही सभेला हजर असतात, म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलवर, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभे केलेले. पुनर्विकासाला त्यांचा होकार आहे. करारनामा त्यांनी ओळ न् ओळ वाचला आहे, आणि स्वयंपाकघराची खिडकी लिफ्टच्या भिंतीवर का उघडते हा सभेतला सर्वांत रास्त प्रश्न त्यांनीच विचारला आहे. पण पर्यायी जागेचा करारनामा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवायचा असतो आणि तिथल्या टेबलावर तांब्याला टेकवलेला चेहरा चालत नाही. तिथे माणूस लागतो, त्याचा अंगठा लागतो, समोर बसवून काढलेला फोटो लागतो. माणूस नसेल तर त्याचा मुखत्यार लागतो, आणि तो मुखत्यार खरा आहे असं सांगणारा कागद लागतो.

तो कागद न्यू जर्सीहून कुरिअरने आला. नोटरीचा शिक्का होता, सही होती, बोट फिरवलं की जाणवेल अशी उठावाची मोहर होती. सोसायटीच्या वकिलांनी पानं मागून पुढे चाळली, परत पाकिटात घातली आणि म्हणाले, "अपोस्टिल कुठाय?" न्यू जर्सीतला नोटरी खरा की खोटा हे हवेलीच्या दुय्यम निबंधकाने कसं ओळखायचं, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. मुलाने सगळा खटाटोप दुसऱ्यांदा केला. मुलीने तिकडे भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन करून घेतलं होतं, तिचा कागद पहिल्या फेरीतच पास झाला. दरम्यान बाकीची बावीस कुटुंबं दीड महिना भाड्याची घरं बघत राहिली आणि हातची सोडत राहिली.

ही पुस्तिका त्या दीड महिन्यात जन्माला आली. आमच्या परिसरातल्या सात-आठ निवृत्त मंडळींनी आपापल्या फायली उघडल्या, कुणाला काय लागलं, कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहून काढलं आणि नियम ताडून पाहिले. निवृत्तीआधीची काही वर्षं मी एका बँकेत पेन्शनच्या टेबलावर बसत होतो, तेव्हा परदेशातून आलेले कागद पाहायची मला सवय आहे, एवढ्या भांडवलावर प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं. पुस्तिकेत 'काय करावं' ते आहे. 'असं का' एवढंच मला सांगायचं आहे, कारण ते कळलं की अर्ध्या चुका होत नाहीत.

आधी नावाचा घोळ. 'वाणिज्य दूतावास' म्हटलं की हे व्यापाराचं काहीतरी खातं असावं असं वाटतं. नाव पडलं त्यामागे इतिहास आहे. परक्या बंदरांत आपल्या व्यापाऱ्यांची भांडणं सोडवायला, त्यांचा माल आणि जीव सांभाळायला जी माणसं नेमली जात, त्यांच्यातून पुढे कॉन्सल हे पद आलं. व्यापारी गेले, नाव राहिलं. दुसरीकडे 'वकिलात' हा शब्द आपल्याकडे जुन्या दरबारी व्यवहारातून आला. तेव्हा वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. आजचा वकील कोर्टात गेला, वकिलात मात्र परराष्ट्र खात्यात राहिली. फरक साधा आहे. राजदूत आपल्या सरकारतर्फे तिथल्या सरकारशी बोलतो, कॉन्सल आपल्या माणसांचं पाहतो. राजधानीतल्या वकिलातीत ही दोन्ही कामं चालतात; मोठ्या देशांत इतर शहरांतही वाणिज्य दूतावास असतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वकिलातीखेरीज न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा आणि अलीकडे सिएटल इथे आपले दूतावास आहेत, आणि कुठलं राज्य कुणाकडे हे ठरलेलं आहे. न्यू जर्सीचा माणूस न्यूयॉर्ककडे, टेक्ससचा ह्यूस्टनकडे. चुकीच्या दारात गेलेला अर्ज परत येतो, हा पुस्तिकेतला पहिलाच धडा.

कॉन्सलच्या कामांची यादी १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे. पासपोर्ट देणं, दस्त साक्षांकित करणं, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणं, अज्ञान मुलांचं हित पाहणं, अटकेतल्या नागरिकाला भेटणं, वारसाहक्कात आपल्या माणसाची बाजू सांभाळणं. भारत १९७७ मध्ये या करारात सामील झाला. यादी लांबलचक आणि रुक्ष आहे. पण बारकाईने पाहिली तर तिच्यातली बहुतेक कामं एकाच कामाची रूपं आहेत असं माझं मत झालं आहे. जिथे आपण असायला हवं आणि नाही आहोत, तिथे कायद्याच्या नजरेत आपल्याला हजर करायचं, हे ते काम. मुलगा हवेलीच्या कचेरीत गैरहजर असतो, त्याला कागद हजर करतो. पेन्शनर बँकेत गैरहजर असतो, त्याला दाखला हजर करतो. आणि परक्या तुरुंगात एखादा माणूस एकटा असतो, तेव्हा त्याच्या शेजारी त्याचा अख्खा देश गैरहजर असतो. त्या वेळी देशाला हजर व्हावं लागतं.

कोथरूडला परदेश नवा नाही. ज्यांच्या पुतळ्यापाशी आपण रोज रिक्षा धरतो ते महर्षी कर्वे १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवासाला निघाले. युरोप झाला, अमेरिका झाली, जपान झाला. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट झाली. नंतर ते आफ्रिकेतही गेले. त्यांचा मुलगा शंकर तिकडे मोंबासात डॉक्टर होता. म्हणजे परदेशस्थ मुलाला भेटायला जाणारा बाप ही कोथरूड-हिंगण्याची परंपरा पार कर्व्यांपासूनची. तेव्हा त्यांच्या खिशातला पासपोर्ट ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. बर्लिनमध्ये काही बरंवाईट झालं असतं तर दार ठोठावायचं ते ब्रिटिश वकिलातीचं. हिंदी माणसाला स्वतःचं दार नव्हतं. कर्व्यांनीच शिकायला आणलेले त्यांचे आप्त रँग्लर र. पु. परांजपे १९४४ मध्ये हिंदुस्थानचे उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हाही देश परतंत्रच होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये औंधचे आप्पासाहेब पंत नैरोबीत भारताचे आयुक्त झाले आणि मोंबासाच्या मराठी डॉक्टरला आपल्या सरकारचा माणूस त्याच मुलखात मिळाला. एका बापाच्या आणि मुलाच्या हयातीत झालेला हा बदल आहे. पुढे डॉक्टर गेले, इंजिनिअर गेले, नव्वदीनंतर संगणकवाल्यांची रांगच लागली. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे न्यूयॉर्कला महावाणिज्य दूत होते आणि पुढे दिल्लीत पासपोर्ट आणि कॉन्सलच्या कामांच्या विभागाचे सचिव झाले, तेव्हा टपाल कार्यालयांतून पासपोर्ट केंद्रं उघडण्याची योजना वेगाने पसरली. काउंटरच्या त्या बाजूलाही आपलं माणूस असू शकतं, हे त्या काळात पुष्कळ मराठी घरांनी पाहिलं.

आता कागदांकडे. कोथरूडकरांचा या व्यवस्थेशी सर्वांत जास्त संबंध येतो तो मुखत्यारपत्रामुळे. परदेशात राहणाऱ्याने केलेलं मुखत्यारपत्र कुणासमोर झालेलं असावं हे १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये लिहिलं आहे: नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय कॉन्सल किंवा व्हाइस कॉन्सल. कॉन्सलची सही इथे ओळखीची असते. परक्या नोटरीची नसते, म्हणून त्यावर त्या देशाच्या सरकारचं अपोस्टिल घेण्याची पद्धत पडली. अपोस्टिल म्हणजे 'या नोटरीची सही खरी आहे' असं सांगणारं, ठरावीक नमुन्यातलं पान. १९६१ च्या हेग करारातून ते आलं आणि भारतात १४ जुलै २००५ पासून लागू झालं. लक्षात घ्या, अपोस्टिल सही खरी असल्याचं सांगतं. आतला मजकूर बरोबर आहे असं ते म्हणत नाही. मजकुरात फ्लॅटचा नंबर चुकला तर जगातलं कुठलंही अपोस्टिल तो दुरुस्त करणार नाही.

शिवाय घड्याळ चालू असतं. राज्याबाहेर झालेला दस्त महाराष्ट्रात आला की तीन महिन्यांच्या आत त्यावर आपलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पाकीट आलं, कपाटात ठेवलं, गणपती झाले, दिवाळी झाली, मग वकिलांना दाखवू म्हटलं, तर उशीर झालेला असतो. कुरिअरचं पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख कामाला येते. ही सूचना पुस्तिकेत ठळक छापली आहे ती उगाच नाही.

दुसरा कागद हयातीच्या दाखल्याचा. याबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण नोव्हेंबर महिना मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला आहे. सकाळी दहाला शटर वर जायच्या आधी पायऱ्यांवर पन्नास माणसं बसलेली असायची, हातात पासबुक, पिशवीत पाण्याची बाटली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस बँकेत एक फोन आला. माझ्या शाळेतल्या बाई होत्या, मुलीकडे न्यू जर्सीला गेलेल्या, आणि पेन्शन थांबली होती. "अरे, मी जिवंत आहे हे तुला माझ्या आवाजावरून कळत नाही का?" मला कळत होतं. माझ्या रजिस्टरला कळत नव्हतं. "बाई, तिथल्या आपल्या कॉन्सुलेटमधून दाखला आणा," एवढंच मी सांगू शकलो. बाई लेकीबरोबर न्यूयॉर्कला गेल्या. सेंट्रल पार्कजवळ, पूर्वेकडच्या चौसष्टाव्या रस्त्यावर आपल्या दूतावासाची जुनी इमारत आहे. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला आणि समोर सही घेतली. कागद पुण्याला पोचला तेव्हा बाई आमच्या रजिस्टरात पुन्हा जिवंत झाल्या. परत आल्यावर त्या पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पासष्ट वर्षांची झाल्यावर जिवंत असल्याचं सर्टिफिकेट मिळालं, तेही मेरिटवर."

आता हे पुष्कळ सोपं झालं आहे. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय १० नोव्हेंबर २०१४ ला आली, २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होऊ लागलं. पण आधार आणि पेन्शन खात्याची माहिती जुळत नसेल, मोबाइल नंबर मुलाच्या नावावर असेल, तर पुन्हा कागदच. तेव्हा नोव्हेंबरात परदेशी असणार असाल तर जाण्याआधी आपल्या शाखेत विचारून जा. तिथून फोन करण्यापेक्षा इथून विचारणं स्वस्त.

तिसरा कागद लहान मुलांचा, आणि याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. परदेशात जन्मलेल्या बाळाचे आईबाप भारतीय असले म्हणजे बाळ आपोआप भारतीय, असं आजी-आजोबांना वाटतं. ३ डिसेंबर २००४ नंतर तसं राहिलेलं नाही. जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. बारशाला नाव काय ठेवायचं यावर चार घरांत दोन महिने खल चालतो; त्यातला एक दिवस या नोंदीसाठी काढला तर पुढचा मनस्ताप वाचेल.

इथेच कोथरूडच्या घरांची एक गंमत सांगायला हवी. एका छपराखाली दोन देशांचे नागरिक असतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड आहे, त्यावर तो हवा तेवढा काळ इथे राहू शकतो, फ्लॅट घेऊ शकतो, पण मतदान करू शकत नाही, आणि संकटात त्याचं रक्षण करणारी वकिलात आपली उरत नाही. तो पुण्यात आजारी पडला, पासपोर्ट हरवला, तर त्याने फोन करायचा तो मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन दूतावासाला. आणि त्याच्याकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईला न्यू जर्सीत काही झालं, तर तिचं दार न्यूयॉर्कचा भारतीय दूतावास. आई एका दाराची, लेक दुसऱ्या दाराचा. दोन्ही दारांचे नंबर घरात लिहून ठेवलेले हवेत.

कागदांची गोष्ट शांतपणे करता येते. अडचणीची गोष्ट तशी करता येत नाही, म्हणून ती आधी वाचून ठेवावी. युरोपच्या सहलीत पासपोर्ट चोरीला जाणं ही सर्वांत नेहमीची घटना. पोलिसांत तक्रार, तिची प्रत, फोटो, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, आणि मग दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट. हा कागद पासपोर्ट नाही. तो फक्त घरी परत येण्यापुरता असतो; त्यावर उरलेली सहल पुरी करता येत नाही. मृत्यू झाला तर स्थानिक मृत्यू दाखला, शव टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचा दाखला, दूतावासाचं ना हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, अशी कागदांची माळ जमवावी लागते. अस्थी आणायच्या तरी दूतावासाचा कागद जवळ असावा. त्या प्रकरणात आमच्या एका शेजारणीने लिहिलेली तीन पानं पुस्तिकेत आहेत. त्यावर मी काही बोलणार नाही, ती तशीच वाचा.

तुरुंगाचं प्रकरण कोथरूडला लांबचं वाटेल. व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं की परक्या नागरिकाला अटक केली तर त्याला त्याच्या दूतावासाला कळवण्याचा हक्क आहे हे सांगायचं, त्याने म्हटलं तर विनाविलंब कळवायचं, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचं. हे कलम बहुतेक मराठी घरांनी पहिल्यांदा ऐकलं ते कुलभूषण जाधव यांच्यामुळे. महाराष्ट्रातल्या या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला पाकिस्तानने ३ मार्च २०१६ ला अटक केल्याचं सांगितलं, भारताला कळवलं २५ मार्चला. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. भारताने वारंवार मागूनही आपल्या अधिकाऱ्याला त्यांना भेटू दिलं गेलं नव्हतं. मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपूरच्या साळवे घराण्यातले हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली. १७ जुलै २०१९ ला न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचा निर्णय दिला, आणि २ सप्टेंबरला भारतीय अधिकारी जाधवांना पहिल्यांदा भेटला. ते अजून कैदेत आहेत.

या सगळ्यात माझ्या मनात एक दिवस रुतून बसला आहे. २५ डिसेंबर २०१७. आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटीला गेल्या. मध्ये काच होती. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली होती. आणि आपल्या परराष्ट्र खात्याने नंतर जाहीर केल्याप्रमाणे, आईला मुलाशी मातृभाषेत बोलू दिलं नाही. ती मराठीत बोलू लागली की मध्येच थांबवण्यात येई. जवळपास दोन वर्षांनी दिसलेल्या मुलाशी कुठली आई परक्या भाषेत बोलेल? भेट झाली, पण दोघांमधली भाषा तिथे हजर होऊ दिली नाही. नुसतं समोरासमोर बसवलं म्हणजे भेट झाली असं नसतं, त्यासाठी कायदा लागतो, आणि तो वापरायला माणूस लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

एकेकट्या माणसाऐवजी हजारो माणसं एकदम अडकतात, तेव्हा हेच काम वेगळं दिसतं. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना बाहेर काढलं गेलं. ते बसने जॉर्डनला आणि तिथून विमानाने मुंबईला आले. २६ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमधून सुटलेल्या विद्यार्थ्यांचं पहिलं विमान बुखारेस्टहून मुंबईत उतरलं, त्यात २१९ जण होते. त्यानंतर आठ दिवसांनी, ६ मार्चला, वनाज ते गरवारे महाविद्यालय या पुण्याच्या मेट्रोचं उद्घाटन झालं. पंतप्रधान गरवारेपासून आपल्या आनंदनगरपर्यंत मेट्रोने आले, आणि त्याच दिवशी सिम्बायोसिसच्या कार्यक्रमात त्यांनी युक्रेनमधल्या या सुटकेच्या मोहिमेचा, ऑपरेशन गंगेचा, उल्लेख केला. आम्ही गच्चीवरून मेट्रो पाहत होतो आणि आमच्या मजल्यावरच्या एका घरात पोलंडच्या सीमेवरून येणाऱ्या फोनची वाट पाहिली जात होती. त्या मुलाने सीमेवर पोचल्यावर पहिला नंबर लावला तो दूतावासाच्या मदतकक्षाचा, आणि तो नंबर त्याला आईने पाठवला होता. कोथरूडच्या आईने. नोंद, नंबर आणि शांत डोकं या तीन गोष्टी घरून जातात, वकिलातीकडून मिळत नाहीत.

वकिलात काय करू शकत नाही हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही पुस्तिका फसवणूक ठरेल. हॉस्पिटलचं बिल ती भरणार नाही. तिथल्या न्यायालयाच्या कामात हात घालणार नाही, आपल्या बाजूने साक्ष देणार नाही, दुसऱ्या देशाचा व्हिसा मिळवून देणार नाही. तिला फोन लावला की नेहमी माणूस उचलतोच असं नाही. आणि अमेरिकेसारख्या ठिकाणी अर्ज घेण्याचं काम खासगी कंपनीकडे दिल्यामुळे पहिला माणूस दूतावासाचा नसतो, कंपनीचा असतो. अगदी निराधार माणसासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो दूतावासाच्या सेवांवर घेतल्या जाणाऱ्या छोट्या रकमेतून उभा राहतो, म्हणजे तुमच्या मुखत्यारपत्राच्या फीमधले थोडे पैसे आखातातल्या एखाद्या मजुराच्या विमान तिकिटाला लागतात. कुवेत-दुबईच्या मजुराला या निधीची जेवढी गरज आहे तेवढी कोथरूडला नाही, आणि आपण त्याचा वाटा मागू नये. आपल्याला लागते ती माहिती. तक्रार अडली तर २०१५ पासून 'मदद' हे पोर्टल आहे, तिथे नोंदवलेल्या प्रकरणाला क्रमांक मिळतो आणि त्याचा माग ठेवता येतो.

मला विचाराल तर या व्यवस्थेत दोष आहेत, आणि ते बहुतेक माहितीचे आहेत: कागद परत येतो पण का ते नीट कळत नाही, वेबसाइटवरची यादी एक आणि काउंटरवरची दुसरी. पण आपलाही एक दोष आहे. व्हिडिओ कॉलने आपल्याला वाटायला लागलं की अंतर संपलं. मुलगा रोज दिसतो, नात रोज श्लोक म्हणून दाखवते, तेव्हा तो इथे नाही हे आपण विसरतो. कायदा विसरत नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक रिकामा तक्ता आहे. घरातल्या प्रत्येकाचं नाव, नागरिकत्व, पासपोर्ट क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, कुठला दूतावास, त्याचा तातडीचा फोन, मुखत्यार कोण, मृत्युपत्र कुठे ठेवलं आहे. आज रात्री जेवण झाल्यावर हे पान भरा आणि त्याचा फोटो मुलांना पाठवा. पेन्सिलीने भरा. पासपोर्ट दहा वर्षांनी बदलतो, आणि त्याबरोबर त्याचा नंबरही.